दांडी ते गंजाड: जिव्या सोमा म्हसे यांच्या रेषेचा प्रदेश

पालघर तालुक्यातील दांडी हे गाव बोईसर रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेला, अरबी समुद्राच्या काठावर, नवापूर, उच्छेळी आणि मुरबे या गावांच्या शेजाराने वसलेले असून मिठाच्या सत्याग्रहामुळे इतिहासात प्रसिद्ध झालेली गुजरातमधील दांडी ती ही नव्हे, हे बाहेरगावच्या वाचकासाठी आरंभीच नोंदवलेले बरे. या भागातील लोक आपल्या मुलखाचे बोलताना सहज दोन भाग करतात: समुद्रालगतची ती बंदरपट्टी आणि रेल्वेमार्गाच्या पूर्वेला डोंगरापर्यंत गेलेली ती जंगलपट्टी. बंदरपट्टीत मांगेला, भंडारी, वाडवळ अशा समाजांची मासेमारीवर आणि बागायतीवर जगणारी गावे आहेत, तर जंगलपट्टीत मुख्यत्वे वारली आणि त्यांच्यासोबत कोकणा, मल्हार कोळी, कातकरी या आदिवासी जमातींचे पाडे आहेत. दोन्हींच्या मधोमध तारापूरची औद्योगिक वसाहत आणि बोईसरचे वाढते शहर आडवे पसरले आहे. आधुनिक भारतीय चित्रकलेतील एक असाधारण कारकीर्द, वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची, याच जंगलपट्टीत, डहाणू तालुक्यातील गंजाड गावाच्या कळंबीपाड्यावर घडली. तिचा शोध घेणारा प्रवास दांडीच्या किनाऱ्यावरून सुरू करण्यामागे एक सबळ कारण आहे, आणि ते कारण म्हणजे मासे धरण्याचे जाळे.

दांडीपासून सातपाटीपर्यंतच्या या किनाऱ्यावर डोल नावाचे जाळे फार पूर्वीपासून वापरात आहे. डोल हे लांबलचक पिशवीसारखे जाळे असते. त्याचे तोंड रुंद आणि तोंडाकडचे आस, म्हणजे विणीतील भोके, मोठे असतात, तर शेपटाकडे जाताना आस लहान होत जाऊन शेवटी बोटही शिरणार नाही इतकी वीण घट्ट होते. समुद्रात ठरलेल्या जागी रोवलेल्या खुंटांना किंवा नांगरांना हे जाळे बांधून ठेवतात आणि भरतीओहोटीच्या ओढीनेच मासळी आत ढकलली जाते, त्यामुळे पाणी फिरण्याच्या आत जाळे ओढणे हे या मासेमारीतील सर्वांत नेमके काम ठरते. जाळे बांधण्याच्या या ठरलेल्या जागेला कव म्हणतात, आणि कव कोणाची यावरून पालघर आणि वसईच्या मच्छीमारांत झालेले तंटे जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहेत. डोलीत मुख्यतः बोंबील सापडतो. तो किनाऱ्यावर बांबू रोवून आणि दोऱ्या ताणून उभ्या केलेल्या वलांडीवर, दोन मासे तोंडात तोंड अडकवून, वाळत घातला जातो. जाळ्याची दुरुस्ती मात्र घराच्या ओटीवर चालते. फाटका भाग मांडीवर घेऊन सुईने एकेक आस बांधत जाणारा माणूस संपूर्ण जाळे कधीच एका नजरेत पाहत नाही. हाताखालची गाठ बरोबर बसली की पुढची, आणि तिच्यानंतर त्याच्या पुढची, एवढेच त्याचे गणित असते.

जिव्या सोमा म्हसे यांच्या प्रौढ काळातील सर्वांत गाजलेल्या चित्रांपैकी काही चित्रांचा विषय नेमके मासेमारीचे जाळे हाच आहे. शेणाने सारवलेल्या कॅनव्हासवर पांढऱ्या रंगाच्या बारीक रेषांनी विणलेले हे जाळे चित्राचा एवढा मोठा भाग व्यापते की माणसे त्याच्यापुढे किरकोळ वाटतात, आणि जवळून पाहिल्यास ते जाळे एखाद्या आराखड्यावरून आखलेले नसून एकेक आस बांधल्यासारखे हाताहाताने वाढत गेलेले दिसते. वारली माणसाला मासेमारी परकी नाही. ओढ्यानदीत पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, टाकून, बांध घालून किंवा हाताने चाचपून मासे धरणे हा पावसाळी दिवसांतील त्याचा नेहमीचा उद्योग आहे. त्यामुळे हे चित्र समुद्राचे की नदीचे, असा प्रश्न उपस्थित करण्यात फारसा अर्थ नाही. जाळे विणणारा आणि जाळे चितारणारा या दोघांचे काम एकाच प्रकारचे आहे, ही गोष्ट मात्र दांडीच्या ओटीवर बसलेल्या माणसाकडे पाहिल्यावर जितकी स्पष्ट होते तितकी ती कलादालनातील पांढऱ्या भिंतीसमोर होत नाही.

दांडीहून बोईसरकडे येणारा रस्ता तिवरांच्या आणि खाजणांच्या बाजूने निघतो आणि थोड्याच वेळात कारखान्यांच्या धुराड्यांमध्ये शिरतो. उत्तरेला तारापूरचे अणुविद्युत केंद्र आहे, जे 1969 मध्ये सुरू झाले आणि ज्याच्या पुढील विस्तारासाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे उठवावी लागली. औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडले जाते आणि त्याविरुद्ध मच्छीमारांच्या संघटनेला राष्ट्रीय हरित लवादापर्यंत जावे लागले आहे. या मुलखाच्या चित्रांत ताडमाड, बैल, मुंग्या, नाचणारी माणसे सर्व काही सापडते पण धुराडे क्वचितच सापडते, याचे आश्चर्य वाटणाऱ्याने म्हसे यांच्या पिढीनंतरच्या चित्रकारांची कामे पाहावीत. त्यांत आगगाडी, विमान, सायकल आणि उंच इमारतीही आल्या आहेत.

बोईसरहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीला वाणगावनंतर डहाणू रोड हे स्थानक लागते. 2013 पासून मुंबईची उपनगरी गाडी इथपर्यंत येते, आणि त्यामुळे चित्रे विकायला मुंबईस जाणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. स्थानकाच्या पूर्वेकडून निघणारा रस्ता आशागडवरून गंजाड, रानशेत करीत चारोटीला मुंबई–अहमदाबाद महामार्गास मिळतो आणि पुढे सूर्या नदीकाठच्या कासा गावाकडे जातो. चारोटीजवळ विवळवेढे येथे डहाणूच्या महालक्ष्मीचे देऊळ आहे, जिथे चैत्रात भरणारी जत्रा ही आदिवासी कुटुंबांची वर्षातील मोठी भेट असते. चिकूच्या वाड्या मागे पडून भाताची खाचरे सुरू झाली, आणि बांधावर ताडाची व शिंदीची झाडे दिसू लागली, की बंदरपट्टी संपून जंगलपट्टी लागली असे समजावे. जमिनीचा हा चढ हळूहळू वाढत जाणारा आहे. नकाशावर जी सीमा दिसत नाही ती झाडांत दिसते.

वारली चित्रकला म्हणून जी आज ओळखली जाते तिचे मूळ रूप भिंतीवरचे आहे आणि ते लग्नविधीशी बांधलेले आहे. कुडाच्या भिंतीला शेणमातीचा लेप देऊन आणि त्यावर गेरूचा हात फिरवून तयार केलेल्या तांबूस पृष्ठभागावर, तांदूळ पाण्यात वाटून केलेल्या पांढऱ्या रंगाने, टोक ठेचून मऊ केलेल्या बांबूच्या काडीच्या साहाय्याने लग्नचौक काढला जातो. चौक म्हणजे चौकोनी, नक्षीदार काठांची आकृती; तिच्यात पालघट ही सुफलतेची देवी असते आणि तिच्याभोवती झाडे, प्राणी, नाचणारे, बाशिंग बांधलेले वरवधू येतात. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या हा घोड्यावर स्वार झालेला देव असतो. चौक काढण्याचा अधिकार सवाशिणींचा, म्हणजे ज्यांचे पती हयात आहेत अशा विवाहित स्त्रियांचा असतो, आणि विधी चालवणारी धवलेरी ही बाई लग्नाची गाणी म्हणत देवांना बोलावते. ज्या चित्रकलेचे नाव आज पुरुष चित्रकारांशी जोडले जाते ती स्त्रियांनी, स्त्रियांच्या पुरोहितपणाखाली, कोणाचीही सही न करता शतकानुशतके सांभाळली, ही बाब या विषयावरच्या लेखनात बहुधा एका वाक्यात उरकली जाते. ती त्याहून मोठी आहे.

जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म 1934 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील तलासरी भागात, धामणगाव येथे झाला. लहानपणीच आईचे छत्र हरपले आणि त्या धक्क्याने मुलाचे बोलणे जवळपास थांबले; जे सांगायचे ते तो जमिनीवरच्या धुळीत रेषा ओढून सांगू लागला, अशी त्यांच्या बालपणाची हकिगत त्यांच्याविषयीच्या बहुतेक लेखनात येते. पुढे लहान वयातच ते गंजाडच्या कळंबीपाड्यावर आले आणि आयुष्यभर तेथेच राहिले. त्यांचे बालपण ज्या काळात गेले तो या पट्ट्यातील वेठबिगारीचा शेवटचा काळ होता. जमीनदाराच्या शेतावर आणि जंगल ठेकेदाराकडे मोबदल्याशिवाय राबण्याची ही सक्ती मोडण्यासाठी 1945 मध्ये किसान सभेचे नेते शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा उभा राहिला, आणि त्याची ठिणगी तलासरीच्याच बाजूला पडली. म्हसे यांच्या चित्रांत हा लढा घोषणेच्या रूपात कोठेही येत नाही. पण त्यांच्या चित्रांतील माणूस कधीही रिकामा उभा नसतो. तो कापतो, वाहतो, मळतो, चढतो, ओढतो, आणि श्रमाकडे इतक्या बारकाईने पाहणारी नजर कोठून आली असेल याचा विचार करताना तो काळ नजरेआड करता येत नाही.

पुरुष असूनही त्यांनी चित्र काढायला घेतले, आणि लग्नाच्या निमित्तावाचून, रोजच्या रोज काढायला घेतले. या दोन गोष्टींनीच परंपरा मोडली गेली होती, आणि बाहेरच्या जगाचा कोणताही माणूस तेव्हा पाड्यावर आलेला नव्हता. परंपरेचे जतनकर्ते असे म्हसे यांचे वर्णन सरसकट केले जाते. वस्तुस्थिती त्याच्या जवळजवळ उलट आहे.

बाहेरचा माणूस आला तो 1970 च्या दशकाच्या आरंभी. विणकर सेवा केंद्राशी संबंधित असलेले चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना त्याआधी, 1966–67 च्या बिहारमधील दुष्काळाच्या काळात, हस्तकलांच्या पुरस्कर्त्या पुपुल जयकर यांनी मिथिलेत पाठवले होते, आणि तेथील स्त्रियांना भिंतीवरची चित्रे विक्रीसाठी कागदावर काढायला लावण्याचे काम त्यांनी केले होते. तोच अनुभव घेऊन ते वारली मुलखात आले आणि त्यांनी कागद व रंग वाटले. या दोन प्रयोगांचे निकाल मात्र निराळे लागले. मिथिलेत कागद स्त्रियांनी घेतला आणि जगदंबादेवी, सीतादेवी, गंगादेवी या नावांनी तेथील कला जगाला माहीत झाली. डहाणूत स्त्रिया बुजल्या, कागद त्यांच्या हाती फारसा टिकला नाही, आणि जो पुढे सरसावला तो आधीपासूनच स्वतःच्या आवडीने रेघोट्या ओढणारा एक अबोल शेतमजूर होता. या एका फरकाने वारली चित्रकलेची पुढची पन्नास वर्षे ठरवली. कुलकर्णी यांचे 1983 मध्ये निधन झाले, आणि ज्या कलेला त्यांनी वाट करून दिली तिच्या भरभराटीचा काळ त्यांना पाहता आला नाही.

कागद मिळाल्याने चित्राचे नेमके काय बदलले, हे पाहण्यासारखे आहे. भिंतीवरच्या चौकाला मध्य असतो, कारण तेथे देवी बसते. कागदावर देवी बसवण्याचे बंधन नसल्याने मध्य मोकळा झाला आणि म्हसे यांनी तो हालचालीला दिला. तारप्याचा नाच हे याचे उत्तम उदाहरण आहे. तारपा हे वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाची पाने यांपासून केलेले फुंकवाद्य असून ते वाजवणारा मध्ये उभा राहतो आणि स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याकडे पाठ न करता फिरत राहतात. म्हसे यांच्या चित्रात ही साखळी बंद वर्तुळ होत नाही. ती गुंडाळत आत येते किंवा सुटत बाहेर जाते, आणि तिचे शेवटचे माणूस अजून येऊन मिळायचे असल्यासारखे काढलेले असते. मनुष्याकृती नेहमीची, टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांची. पण कमरेच्या त्या एका बिंदूवर त्रिकोण किती कलते करायचे यावरून धावणारा, ओणवा झालेला आणि ओझ्याने वाकलेला अशी तीन निरनिराळी माणसे म्हसे उभी करतात. क्षितिज नसते, सावली नसते, दूरचे लहान व जवळचे मोठे हा नियम नसतो. भाताच्या खाचराचे चित्र असेल तर रोपांच्या असंख्य बारीक रेघा साऱ्या पृष्ठभागावर थरथरत असतात, आणि मुंग्यांच्या वारुळाचे असेल तर ठिपक्यांची रांग कोठे संपते हे डोळ्याला सापडत नाही.

मुंबईत केकू गांधी यांच्या केमोल्ड या कलादालनाने 1970 च्या दशकाच्या मध्यावर त्यांची चित्रे मांडली, 1976 मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्यानंतर परदेशांतील प्रदर्शने सुरू झाली. त्यांतील सर्वांत महत्त्वाचे प्रदर्शन 1989 मध्ये पॅरिसमध्ये पाँपिदू केंद्र आणि ला व्हिलेत येथे ‘मॅजिशियन्स द ला तेर’, म्हणजे पृथ्वीवरचे जादूगार, या नावाने झाले. त्याचे सूत्रधार झाँ-ह्युबेर मार्तँ यांनी युरोप-अमेरिकेतील नामांकित कलावंत आणि इतर जगातील लोककलावंत म्हणून ओळखले जाणारे कलावंत यांना एकाच पंक्तीत बसवले होते. भारतातून म्हसे यांच्यासोबत गोंड चित्रकार जनगडसिंग श्याम आणि मिथिलेच्या बउआदेवी यांचा त्यात समावेश होता. याच प्रदर्शनात ब्रिस्टल येथे 1945 मध्ये जन्मलेले ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांनी भिंतीवर चिखलाने काढलेले प्रचंड वर्तुळ ठेवले होते, आणि त्याच वर्षी त्यांना ब्रिटनमधील प्रतिष्ठेचे टर्नर पारितोषिक मिळाले.

लाँग यांच्या कलेचे साधन चालणे हे आहे. लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाविद्यालयात शिकत असताना, 1967 मध्ये, एका कुरणात एकाच ओळीत पुन्हापुन्हा येजा करून त्यांनी गवतात दबलेली सरळ रेघ तयार केली, तिचे छायाचित्र घेतले आणि ती रेघ हीच कलाकृती असल्याचे सांगितले. पुढे ते वाळवंटांत, पर्वतांत, नदीकाठांनी चालत राहिले, तेथील दगडांची वर्तुळे रचत राहिले आणि चिखलाने माखलेल्या हातांनी संग्रहालयांच्या भिंती रंगवत राहिले. 2003 मध्ये ते वारली मुलखात आले, म्हसे यांना भेटले आणि येथील भूमीवर त्यांनी काम केले. त्याच वर्षी जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या कुन्स्ट पालास्ट संग्रहालयात दोघांच्या कृती शेजारी शेजारी मांडण्यात आल्या, आणि पुढील वर्षी ते प्रदर्शन इटलीत मिलान येथे गेले. दोघांना जोडून देण्यात फ्रेंच संग्राहक एर्वे पेर्द्रिओल यांचा मोठा वाटा होता.

या भेटीचे वर्णन पूर्व आणि पश्चिमेचा संवाद अशा शब्दांत करण्याचा मोह अनेकांना झाला आहे, परंतु दोन माणसांत दिसणारा फरक त्याहून साधा आणि अधिक बोचरा आहे. लाँग यांची पायवाट ही निवडलेली पायवाट आहे. ते चालतात कारण त्यांना चालायचे असते, आणि रेघ उमटली की ते तेथून निघून जातात. गंजाडच्या खाचरांमधली पायवाट पाणी आणणाऱ्या बाईच्या, गुरे नेणाऱ्या मुलाच्या आणि मजुरीला जाणाऱ्या माणसाच्या पायांनी पडलेली असते. ती कोणी निवडलेली नसते, आणि तिच्यावर कोणी सही करत नाही. म्हसे यांनी ती पायवाट चालून दाखवली नाही, तर तिच्यावरची सगळी माणसे एकेक करून मोजावीत तशी काढली. दोघांच्याही कृतीत माती आहे, वर्तुळ आहे आणि चालण्यातून निर्माण होणारी रेषा आहे, हे खरे. तरी एकाची मुख्य कृती निर्मनुष्य असते आणि दुसऱ्याच्या चित्रात माणसाशिवाय बोटभर जागा सापडत नाही.

मानसन्मान पुढेही येत राहिले. 2009 मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि 2011 मध्ये पद्मश्री हे त्यांतील मुख्य होत. राष्ट्रीय पुरस्काराच्या वेळी कबूल करण्यात आलेली शेतजमीन मात्र हाती यायला तीन दशकांहून अधिक काळ गेला, असे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले आहे. पॅरिसला पोचायला त्यांना त्याहून कमी वर्षे लागली. 15 मे 2018 रोजी त्यांचे निधन झाले. रिचर्ड लाँग यांना ब्रिटनमध्ये ‘सर’ हा किताब त्याच वर्षी मिळाला.

आज डहाणू, तलासरी, विक्रमगड या तालुक्यांत वारली चित्रे काढून उपजीविका करणारी कित्येक घरे आहेत. म्हसे यांचे पुत्र सदाशिव आणि बाळू हेही चित्रकार म्हणून ओळखले जातात, आणि या कलेला भौगोलिक निर्देशांक, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी नाव बांधणारे कायदेशीर संरक्षण, मिळालेले आहे. तरीही बोईसरच्या बाजारात, रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर, पिशव्यांवर आणि साड्यांवर जी त्रिकोणी माणसे छापलेली दिसतात त्यांतील बहुतेक हात झटकून नाचत असतात आणि दुसरे काहीच करत नाहीत. ठशाने माणूस छापता येतो. त्याच्या कमरेचा कल छापता येत नाही, आणि म्हसे यांची सारी करामत त्या कलात होती.

गंजाडला जाऊ इच्छिणाऱ्याने डहाणू रोडहून कासा किंवा जव्हारकडे जाणारी एसटी धरावी. पावसाळ्यात खाचरे लावणीने भरलेली असतात आणि चित्रांतील कामे प्रत्यक्ष चालू असलेली पाहता येतात. सुगी उरकल्यावर लग्नसराई सुरू होते आणि घराघरांत चौक निघतात. चित्रकारांच्या घरी विक्रीसाठी काढलेली चित्रे मोकळेपणाने दाखवली जातात. लग्नघरातील चौक ही मात्र देवाची जागा असते. तो पाहायचा असल्यास घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे, छायाचित्राची परवानगी वेगळी घ्यावी, आणि नकार आल्यास आग्रह धरू नये. चौक काढणाऱ्या सवाशिणी सहसा संध्याकाळपर्यंत कामात असतात, आणि त्यांच्यापैकी कोणालाही आपण चित्रकार आहोत असे सांगण्याची सवय नाही.